कर्णा, कॅसेट, पेनड्राइव्ह : आपल्या ‘डॉल्बी’ची गोष्ट

आधी एक गंमत सांगतो. आपण कोल्हापूरकर ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतो, त्याचा आणि डॉल्बी नावाच्या कंपनीचा काडीचाही संबंध नाही. उलट संबंध लावायचाच झाला तर उफराटा लागतो. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. १९६३ ते ६५ अशी दोन वर्षं तो संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. इथून गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये कंपनी काढली. कंपनीचं काम काय, तर टेपवर गाणं ऐकताना मागे जो ‘स्स्स’ असा आवाज येतो, तो घालवणं. नको असलेला आवाज कमी करणं! १९६८ मध्ये त्याची साधी, घरगुती आवृत्ती आली आणि पुढे जगभरच्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी एनआर’ असं बटण दिसू लागलं. एनआर म्हणजे नॉइज रिडक्शन. टॉकीजच्या पाट्यांवरही तेच नाव झळकलं. तिथूनच आपल्या तोंडात हा शब्द बसला असणार. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाच्या भिंतीला दिलं. बिचारा २०१३ साली गेला. आपल्या गावात आपलं नाव काय कामाला लागलंय हे त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

आता विषयाकडे येतो. गणपती जवळ आलेत. बावड्यात मंडळांच्या बैठका सुरू झाल्यात. दरवर्षी तेच दोन सूर लागतात. एक म्हणतो, वर्षातून एकदा येतो सण, वाजू दे की. दुसरा म्हणतो, घरात म्हातारी माणसं आहेत, लहान पोरं आहेत, बंद करा हे. पत्रकार म्हणून गेली वीस वर्षं मी दोन्ही बाजूंच्या बातम्या दिल्यात. शांतता समितीच्या बैठकीची बातमी तर मी आता बैठकीला न जाताही लिहू शकेन. पण हे यंत्र मुळात असं झालं कसं, यावर आजवर कुणी बोलल्याचं आठवत नाही, मीही कधी लिहिलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी शाळेत असताना, म्हणजे ८८-८९ च्या सुमाराला, आमच्या भागात एक स्पीकरवाले मामा होते. त्यांची सगळी मालमत्ता एका हातगाड्यावर मावायची. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, पेटीतला रेकॉर्ड प्लेयर, एक माइक आणि काळ्या वायरचं भलंमोठं भेंडोळं. अ‍ॅम्प्लिफायर अर्थातच अहुजाचा. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची, आणि गावोगावच्या स्पीकरवाल्यांकडे दुसरं नाव क्वचितच असायचं. लग्नघराच्या गच्चीवर एक कर्णा, दुसरा झाडाला. पहाटे प्रल्हाद शिंदेंचा आवाज सुरू झाला की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज कुणाच्या तरी घरी कार्य आहे.

कर्ण्याचा आवाज लांब जायचा. रात्री वारं नदीकडून असलं तर पलीकडच्या गावातलं भजन आमच्या अंथरुणात ऐकू यायचं. पण त्या आवाजाने छातीत धडधड कधी झाली नाही, खिडकीची काच कधी थरथरली नाही. कारण साधं आहे. कर्णा मधले आणि वरचे स्वर फेकतो, खालचे त्याला झेपतच नाहीत. ढोलकीचा धुमसुद्धा कर्ण्यातून ‘टप्प’ असा येतो. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरची ताकद ती किती? तीस-चाळीस वॅट, फार तर शंभर. त्याच्या पुढं नॉब फिरवला तर आवाज फाटायचा, माइक कुईऽऽ करून शिट्टी मारायचा, आणि कर्ण्याच्या मागचं युनिट जळायचं. आम्ही पोरं मागं लागायचो, “मामा, वाढवा की जरा!” मामा म्हणायचे, “युनिट जळंल रं, तुझा बा देणार हाय का भरून?” त्या काळात आवाजाला लगाम घालणारा असा हा मामांचा खिसा होता. डेसिबल हा शब्द आम्ही कुणी ऐकलाही नव्हता.

आणखी एक गोष्ट. मामांचं सामान मिरवणुकीत कधी नसायचं. मांडवात आरती झाली, गणपती उचलला की मामांचं काम संपलं. पुढे हलगी, घुमकं, कैताळ. नाहीतर लेझीम, झांजपथक, ऐपत असेल तर बँड. आता लोक याला ‘पारंपरिक वाद्यांचा काळ’ म्हणतात आणि त्यामागे आपल्या पूर्वजांचं मोठं शहाणपण होतं असं सांगतात. शहाणपण असेलही. पण एक साधी तांत्रिक अडचणही होती हो! रेकॉर्ड प्लेयरची सुई. चालत्या ट्रॉलीवर एक खड्डा बसला की सुई उडून पुढच्या गाण्यावर. आपल्या रस्त्यांवरून तबकडी वाजवत मिरवणूक काढणं शक्यच नव्हतं. मांडवातसुद्धा प्लेयरजवळ कुणी पाय आपटला तर मामा डोळे वटारायचे.

तो अडसर कॅसेटने काढला. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ ला, पण आपल्याकडे तिचा पूर आला तो ऐंशीच्या दशकात, टी-सिरीजने स्वस्त कॅसेट गल्लीबोळात पोचवल्यावर. कॅसेटला खड्डा बाधत नाही. डेक बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्याला आपल्याकडे पहिल्यांदा चाकं फुटली ती कॅसेटमुळे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन लाकडी खोकी, त्यात बारा किंवा पंधरा इंची स्पीकर, मध्ये डेक, आणि गणपतीपुढं नाचणारी पोरं. मी स्वतः त्यात होतो, खोटं कशाला बोलू.

कॅसेटच्या काळातलं कसब वेगळं होतं. ‘कॅसेट भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी न्यायला जायचं. साठची कॅसेट असेल तर एका बाजूला अर्धा तास, नव्वदची असेल तर पाऊण. नाचाची गाणी एका बाजूला सलग कशी येतील हे आधीच बघून ठेवायला लागायचं, कारण मिरवणुकीत मधेच बाजू उलटायची वेळ आली तर नाच थंड. आयत्या वेळी कुणी फर्माईश केली तर पेन्सिल घालून फीत फिरवायची. कुठलं गाणं किती फिरवल्यावर येतं, हे मामांच्या थोरल्या पोराला पाठ होतं. आणि अर्ध्या-पाऊण तासाने का होईना, बाजू उलटताना मिनिटभर शांतता व्हायची. तेवढ्यात हलगीवाला एक कडक वाजवून घ्यायचा.

आपल्याकडे हे चाललेलं असताना तिकडे अमेरिकेत काय झालेलं होतं ते सांगायला हवं, कारण ‘डीजे’ हा शब्द तिकडचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीसाठी ठेवलेल्या पार्टीत दोन रेकॉर्ड प्लेयर वापरून गाण्यातला नाचाचा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवला, आणि हिप-हॉपची सुरुवात तिथून धरतात. त्या जगाचं लाडकं यंत्र म्हणजे टेक्निक्सचा एसएल-१२००. जपानच्या मात्सुशिता कंपनीने तो १९७२ मध्ये आणला. पट्ट्याऐवजी मोटर थेट तबकडीखाली असल्यामुळे हाताने थांबवला, मागे ओढला, सोडला तरी क्षणात वेग पकडायचा. १९७९ च्या आवृत्तीत वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी आली. दोन गाण्यांची लय कानाने जुळवायची, बोटाने वेग सावरायचा, हे डीजेचं खरं कौशल्य. तिकडे डीजे म्हणजे माणूस.

आपल्याकडे हा टप्पा आलाच नाही. मी मामांसारख्या अनेकांना विचारलं, कुणाच्याच दुकानात टेक्निक्स आला नव्हता. आपण तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि तिथून थेट लॅपटॉपवर उडी मारली. म्हणून आपल्याकडे ‘डीजे आला’ म्हटलं की माणूस येत नाही, ट्रॉली येते. माणसाला आपण ‘ऑपरेटर’ म्हणतो. हा शब्दांचा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तिकडे माणसाच्या हातात वाद्य आलं, इकडे माणूस यंत्राच्या हाताखाली गेला.

सीडीचा काळ आपल्याकडे छोटाच. पायोनियरने २००१ मध्ये सीडीजे-१००० आणला आणि जगभरच्या क्लबांत तबकडीची जागा सीडीने घ्यायला सुरुवात केली. पण आपल्याकडे सीडी मिरवणुकीत रुसायची. लेझरचा डोळा हलला की गाणं ‘तततत’ करत अडकायचं. प्लेयरखाली गादीचा फोम घालून वाजवणारे ऑपरेटर मी बघितलेत. मात्र एमपीथ्रीने एका सीडीत दीडशेच्या आसपास गाणी बसायला लागली, तेव्हा कॅसेट भरून देणारी दुकानं दोन-तीन वर्षांत मोबाईल रिचार्जची झाली.

मग लॅपटॉप. व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर आलं २००३ ला. पडद्यावर दोन तबकड्यांची चित्रं, माउसने फिरवायच्या. आपल्याकडे ते बहुतेकांनी कसं मिळवलं यावर मी बोलत नाही, तुम्हीही विचारू नका. त्यात एक ‘सिंक’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की दोन गाण्यांची लय यंत्रच जुळवतं. ब्राँक्सच्या पोरांना जे शिकायला वर्षं लागायची, ते आमच्या ऑपरेटरला एका बोटात मिळालं. सुरुवातीला लॅपटॉपही मिरवणुकीत मधेच मान टाकायचा. त्याच्या आत फिरणारी हार्डडिस्क असायची आणि बेसच्या दणक्याने तिची सुई थरथरायची. रेकॉर्ड प्लेयरचंच दुखणं, वेगळ्या रूपात! पुढे हलणारा भागच नसलेली डिस्क आली, पेनड्राइव्ह आला, आणि दुखणं कायमचं गेलं. आज सोळा जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये दोन-तीन हजार गाणी बसतात. मामांचं आख्खं दुकान किल्लीच्या कडीला अडकवून फिरता येतं. खड्डा बसो, पाऊस येवो, दणका बसो, गाणं थांबत नाही. बाजू उलटायची नाही, म्हणून ती मिनिटभराची शांतताही नाही.

या बदलाची चांगली बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा झाला. बेल्जियमच्या एका कंपनीचं एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या किती पोरांनी घरात बसून स्वतःची गाणी बनवली! मोबाईलवर हलगी रेकॉर्ड करायची, कॉम्प्युटरवर तिचे तुकडे करायचे, खाली बेस घालायचा. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं. ते तयार गाण्यातून गायकाचा आवाज, ढोल, बेस असं वेगवेगळं सोलून काढतं. आता तर ही सोय डीजेच्या सॉफ्टवेअरमध्येच आली. संगीताची शाळा न बघितलेला पोरगा रात्री बसून जुन्या भक्तिगीतातला आवाज बाजूला काढून त्याखाली नवा ठेका टाकतो. मूळ गायकाला, संगीतकाराला त्यातून दमडी मिळत नाही हे खरं. पण पोरात कसब आहे हेही खरं. ते दाद देण्यासारखं आहे.

इथवरची गोष्ट म्हणजे गाणं लहान होत जाण्याची गोष्ट. तबकडी, कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह. पण त्याच काळात ट्रॉलीवरची खोकी मोठी होत गेली. हे कसं काय? याचं उत्तरही डिजिटलमध्येच आहे, आणि माझ्या मते भांडणाचं मूळ तिथं आहे.

जुना मोठा अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागायची. आत तांब्याचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर, बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांसारख्या पट्ट्या. घेतलेल्या विजेतली बरीचशी उष्णता होऊन जायची. तास-दोन तास जोरात वाजवला की तापून बंद पडायचा. मग आला ‘क्लास डी’. (डी म्हणजे डिजिटल नव्हे बरं का, ए, बी, सी झाल्यावरचं पुढचं अक्षर एवढंच.) यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा नुसते चालू-बंद होतात. त्यामुळे वीज फुकट जात नाही, नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लागते. जड ट्रान्सफॉर्मर गेला. एका हाताने उचलायच्या पेटीतून हजारो वॅट निघू लागले. युरोपात बनलेल्या महागड्या यंत्रांच्या चिनी नकला आल्या आणि गावातल्या ऑपरेटरलाही त्या परवडू लागल्या. स्पीकरची खोकी तर आपल्याकडे प्लायवूड कापून सुतारच बनवतो, मापं इंटरनेटवर मिळतात. आत अठरा इंची, एकवीस इंची स्पीकर.

सोबत आला प्रोसेसर. पूर्वी क्रॉसओव्हर नावाची साधी पेटी खालचे स्वर एकीकडे, वरचे दुसरीकडे पाठवायची. आता त्या जागी छोटा कॉम्प्युटरच आहे. कुठल्या स्पीकरला किती ताकद द्यायची, कुठं थांबायचं, हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरवतो. जळायच्या आधीच लगाम घालतो. म्हणजे मामांच्या खिशाची जी भीती होती ती या पेटीने घालवली. आता यंत्र रात्रभर शेवटच्या टोकावर वाजवलं तरी जळत नाही, फाटत नाही, तापून बंद पडत नाही. आवाज स्वच्छ येतो, आणि स्वच्छ असला की कानाला तो किती मोठा आहे हे पटकन कळत नाही. जुन्या यंत्राचा प्रत्येक दोष हा एक ब्रेक होता. आपण दोष काढले, ब्रेक निघून गेले.

तिसरी गोष्ट लाईन अ‍ॅरे, म्हणजे एकाखाली एक अडकवलेल्या खोक्यांची माळ. फ्रान्सच्या क्रिस्तियन हाइलने १९९२ मध्ये व्ही-डॉस्क नावाने ती आणली. हेतू असा, की मोठ्या मैदानात पुढच्याला कान फुटेपर्यंत आणि मागच्याला काहीच नाही असं होऊ नये. म्हणून ती उंच टांगतात. आपण ती खाली आणली, ट्रॉलीवर माणसाच्या कानाच्या उंचीला लावली, आणि मैदानाचं यंत्र महाद्वार रोडच्या दोन भिंतींमध्ये घुसवलं. मिरजकर तिकटीपासून पापाची तिकटीपर्यंत ज्याने विसर्जनाच्या रात्री चालून बघितलंय त्याला मी काय सांगू. आवाज पुढून येतो, मागून येतो, पायाखालून येतो. पन्नास हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला तुमची वीटकामाची भिंत म्हणजे पडदा. २०१४ ला साताऱ्यात विसर्जनावेळी भिंत पडून माणसं गेली तेव्हा बोट डॉल्बीकडंच दाखवलं गेलं होतं.

आता मंडळांची ईर्षा. ‘त्यांच्यापेक्षा आपला जोरात.’ इथं निसर्गाचा एक नियम आडवा येतो तो बहुतेकांना माहीत नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. शेजारच्या मंडळापेक्षा नुसता थोडा जास्त वाटावा म्हणून खोकी दुप्पट करायला लागतात, मग तेही दुप्पट करतात. भिंत अशी वाढत गेली. पैसा लागतो ऑपरेटरचा, जनरेटर भाड्याने, ट्रॉलीची मापं रस्त्यापेक्षा रुंद. कानाचा हिशोब मात्र उलटा चालतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं तज्ज्ञ धरतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. विसर्जन मिरवणूक किती तास चालते?

ऑपरेटरची बाजू ऐकून घ्या. बावड्याजवळच्या एका पोराशी मी मागच्या वर्षी बराच वेळ बोललो. कर्ज काढून सामान घेतलेलं. हप्ता बारा महिने, धंदा चार महिन्यांचा. दर दोन वर्षांनी नवीन मॉडेल येतं, जुनं असलं की मंडळ फोनच उचलत नाही. रात्री मंडळाचा कार्यकर्ता ट्रॉलीवर चढतो, “वाढव, पैसं दिल्यात” म्हणतो. सकाळी गुन्हा दाखल होतो त्यात ऑपरेटरचं नाव असतंच. “दादा, वाढवा म्हणणारा घरी झोपलेला असतोय, मी पोलीस ठाण्यात,” असं तो सांगत होता. त्याच्या थोरल्या भावाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. वय पस्तीस.

कायदा नाही असं नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेत लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जायचा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सणासाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की लाऊडस्पीकर वापरणं हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. २०१८ मध्ये ध्वनी आणि प्रकाश व्यावसायिकांची संघटना बंदीविरोधात न्यायालयात गेली, ऐन विसर्जनाच्या तोंडावर दिलासा मिळाला नाही. आपल्याकडे २०१७ च्या आसपास विशेष पोलीस महानिरीक्षक विश्वास नांगरे-पाटील यांनी ‘डॉल्बीमुक्त’ गणेशोत्सवासाठी जोर लावला होता, अनेक मंडळांनी साथही दिली. मग अधिकारी बदलले, कोरोना आला, गेला, आणि भिंत परत आली. आता सोबत शार्पी लाईट आणि लेसर. लेसरने डोळ्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातून मी वाचल्यात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

यात एक मोठी मेख आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोलिसांचं मीटर ज्या पट्टीवर मोजतं तिला ‘डीबी-ए’ म्हणतात, कारण आपला नियमच त्या पट्टीवर लिहिलाय. ही पट्टी माणसाच्या कानासारखी, म्हणजे खालचे स्वर कमी धरणारी. पन्नास हर्ट्झच्या बेसला ती तब्बल ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ज्या दणक्याने खिडकी हलते, पोटात ढवळतं, कपाटातली भांडी वाजतात, तो मीटरवर जवळजवळ दिसतच नाही. कर्ण्याच्या जमान्यात ही पट्टी ठीक होती. फ्रान्सने २०१७ मध्ये नवा नियम केला तेव्हा दोन आकडे घातले : पंधरा मिनिटांच्या सरासरीला ‘ए’ पट्टीवर १०२ आणि बेससाठी ‘सी’ पट्टीवर ११८. (तिकडचा आकडा बघून आपली पोरं खूष होतील, पण तो नाचगाण्याच्या कार्यक्रमांना आलेल्या लोकांसाठी आहे, शेजारच्या घरात झोपलेल्यांसाठी नाही.) शिवाय मोठ्या ठिकाणी आवाजाची नोंद ठेवणं सक्तीचं केलं.

आपल्याला मोजण्याचं वावडं आहे का? मुळीच नाही. बावड्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं की काय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा आपण व्हॉट्सअ‍ॅपवर तो आकडा एकमेकांना पाठवतो. आकडा वाढला की माणसं न सांगता जनावरं सोडतात. आवाजाचा आकडा मात्र मिरवणूक झाल्यावर तिसऱ्या दिवशी पेपरात येतो, तोही मीच दिलेला असतो. मोबाईलवर अ‍ॅप मिळतात, पण एवढ्या आवाजात मोबाईलचा माइक गडबडतो, त्यावर भांडू नका. साधं मीटर मंडळाच्या एका फ्लेक्सच्या खर्चात येतं.

आणि प्रोसेसरची ती पेटी? तिच्यात लिमिटर असतो, हे वर आलंच. आज तो स्पीकर वाचवायला वापरतात. तोच खालच्या आकड्यावर लावून पासवर्डने बंद करता येतो. तसं केलं तर ट्रॉलीवर चढून कुणी कितीही “वाढव” म्हणालं तरी ऑपरेटर खरं सांगू शकतो की माझ्या हातात नाही. मागच्या वर्षी त्या पोराला मी हे विचारलं. तो म्हणाला, “जमतंय की. पण एकट्याने केलं तर मला कोण बोलवंल? सगळ्यांनी मिळून केलं तर मी पहिला.”

मामा आता नाहीत. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर धाकट्या पोराकडे आहे. २०१९ च्या महापुरात वीज गेली, मोबाईल बंद पडायला लागले, तेव्हा रिक्षाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला तोच जोडून, टपावर एक कर्णा बांधून, पाणी कुठवर आलंय आणि कुणी कुठं जायचं हे त्याने गल्लोगल्ली सांगितलं होतं. प्रत्येक शब्द कळत होता.

आमच्या मंडळाची बैठक रविवारी संध्याकाळी सातला आहे. विषयपत्रिकेत वर्गणी, मांडव, महाप्रसाद आणि ‘इतर’ आहे. ‘इतर’मध्ये मी हा लिमिटरचा विषय घेणार आहे. शेजारच्या दोन मंडळांच्या अध्यक्षांनाही बोलावलंय, एकाने येतो म्हणून सांगितलंय. ऑपरेटर पोरगा त्याची पेटी घेऊन येणार आहे, म्हणजे पासवर्ड कसा पडतो ते सगळ्यांना बघता येईल. मीटर मी आणतो.